बापाच्या सिबिलवर पोराची डिग्री

लग्नाचा सीझन सुरू झाला की आमच्या भोर-वेल्ह्याकडच्या मांडवांत दोनच विषय असतात. एक, जमिनीचे भाव. दोन, "पोरगं काय करतं?" यंदा त्यात तिसऱ्याची भर पडली. नसरापूरच्या एका कार्यालयात पंगतीची वाट बघत बसलो होतो, तर आमचे तात्या एकदम सुरूच झाले. "हल्लीची पोरं शिकायला कर्ज काढतात, पुण्यात जाऊन बाईक घेतात, मोबाईल घेतात, आणि हप्ता भरायचा म्हटला की सरकारने माफ करावा म्हणतात. आमच्या वेळी अशी लाज सोडली नव्हती कुणी." चार-पाच जणांनी माना डोलावल्या. मी तिथे वाद घातला नाही. एक तर तात्या वडीलधारे, त्यातून हायस्कूलचे सायन्सचे रिटायर्ड सर, आणि तिसरं म्हणजे जिलबी गरम होती. पण डोक्यात भुंगा राहिला तो राहिलाच. म्हणून या शनिवारी हे लिहायला बसलोय.

आधीच सांगून टाकतो. मी स्वतः शैक्षणिक कर्ज घेऊन शिकलो. २०१५ला इंजिनिअरिंगला लागलो, २०१९ला बाहेर पडलो, आणि २०२४मध्ये उरलेलं सगळं एकदम भरून नो ड्यूज सर्टिफिकेट आणलं. एकही हप्ता चुकवला नाही. तेव्हा हे रडगाणं नाही आणि माफीचा अर्जही नाही. शैक्षणिक कर्जाला सरसकट माफी देऊच नये असं माझं मत आहे, त्याची कारणं पुढे येतील. माझं भांडण दोन गोष्टींशी आहे. हप्ता सुरू होतो तो कॅलेंडर बघून, पगार बघून नव्हे. आणि कर्जाच्या कागदावर पोराच्या शेजारी बापाचं नाव असतं. बास, एवढंच. बाकीचे सगळे घोळ यातूनच निघतात.

आता पहिली गंमत. आमच्याकडे याला सगळे "सरकारी कर्ज" म्हणतात. बँक सरकारी, योजनेच्या नावात सरकार, पोर्टल सरकारी, म्हणजे कर्जही सरकारीच की! प्रत्यक्षात सरकार यात मुद्दलाचा एक रुपयाही घालत नाही. २००१ साली इंडियन बँक्स असोसिएशनने, म्हणजे बँकांच्याच संघटनेने, एक आदर्श शैक्षणिक कर्ज योजना तयार केली आणि रिझर्व्ह बँकेने ती बँकांकडे पाठवली. पैसा बँकेचा, म्हणजे ठेवीदारांचा. ४ लाखांपर्यंत तारण नाही आणि तिसऱ्या माणसाचा जामीनही नाही. फक्त आई किंवा वडील सहकर्जदार. हे "फक्त" फार महाग पडतं, त्याकडे येतोच.

खरं सरकारी कर्जही या देशात एके काळी होतं बरं का. राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती. केंद्र सरकारने १९६३ साली सुरू केलेली. हुशार पण गरीब मुलाला शिकायला पैसे मिळायचे, नोकरी लागल्यावर सवडीने फेडायचे, आणि व्याज शून्य. एवढंच नव्हे, कर्ज घेतलेला मुलगा शिक्षक झाला तर नोकरीच्या प्रत्येक वर्षाला कर्जाचा दहावा भाग माफ व्हायचा. आता ओळखा पाहू आमच्या घराण्यात ते कर्ज घेऊन बीएस्सी कुणी केलं आणि पुढे मास्तर होऊन ते कुणाचं आपोआप फिटलं! :) तात्यांना मी दोष देत नाही. योजना चांगली होती, त्यांनी तिचं सोनं केलं, आमच्या आख्ख्या भावकीत पहिला पदवीधर तो माणूस. पण ज्याचं कर्ज बिनव्याजी होतं आणि वर्षाला दहा टक्क्यांनी झडत गेलं, त्याने साडेदहा टक्क्यांवाल्याला लाज शिकवू नये, एवढंच म्हणणं.

तर साडेदहा टक्क्यांचा हिशेब करू. सोपं उदाहरण घेतो. चार वर्षं, दर वर्षाच्या सुरुवातीला १ लाख, एकूण ४ लाख. शिक्षण संपल्यावर आणखी एक वर्ष सवलतीचं. या पाच वर्षांत हप्ता नाही, पण व्याज चालू असतं, सरळ व्याजाने. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. साडेदहा टक्क्यांनी ते होतं १ लाख ४७ हजार. पाचवं वर्ष संपलं की हे मुद्दलात मिसळतं. म्हणजे पोराने अजून एक रुपया फेडलेला नाही आणि कर्ज झालं ५ लाख ४७ हजार. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता साधारण ७,३८०. पंधरा वर्षांत फेडायचं तर ६,०५० च्या आसपास, पण मग एकूण भरणा जवळपास १० लाख ८८ हजार. घेतले होते ४ लाख.

आता पगाराची बाजू. आयटीतल्या मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत फ्रेशरचं पॅकेज दहा-बारा वर्षं साडेतीन लाखांच्या घरातच रेंगाळलंय, हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित आहे. हातात येतात २४-२५ हजार. त्यातून हिंजवडी-वाकडची कॉट बेसिसवरची खोली, मेस, बसचा पास किंवा पेट्रोल. घरी काही पाठवायचं असतंच, नाही पाठवलं तर आई काही बोलत नाही, पण आत्या बोलते. त्यातून ७,३८० काढा. आणि हे झालं ज्याला आयटीत नोकरी लागली त्याचं. मेकॅनिकल, सिव्हिलवाला पोरगा शिरवळच्या किंवा खेड-शिवापूरच्या कंपनीत ट्रेनी म्हणून लागतो, त्याला १४-१५ हजार मिळतात आणि बारा महिन्यांनी "सध्या व्हेकन्सी नाही" असं ऐकायला मिळतं.

प्रोग्रॅमरच्या भाषेत सांगायचं तर हप्त्याची तारीख आणि रक्कम हार्डकोड केलेली आहे. पगार नावाचं इनपुट हे सॉफ्टवेअर घेतच नाही. ज्युनियरने असा कोड लिहिला तर आम्ही रिव्ह्यूमध्ये त्याची सालटी काढतो.

यावर लोक म्हणतात, "कर्ज म्हणजे कर्ज, बँक कशाला तुझा पगार बघत बसेल?" माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथेच आहे, कारण तीच बँक, त्याच शाखेत, शेजारच्या टेबलावर, नेमकं हेच करते. पीक कर्जाचं टेबल.

आमच्या भागाची थोडी माहिती नसणाऱ्यांसाठी. भोर म्हणजे पंत सचिवांचं जुनं संस्थान, १९४८ला विलीन झालेलं. शेजारचा वेल्हे तालुका, तोरणा-राजगडच्या पायथ्याचा. मार्च २०२४मध्ये मंत्रिमंडळाने त्याचं नाव "राजगड" करायचं ठरवलं, पण तोंडात अजून वेल्हंच येतं. दोन्ही तालुक्यांत धरणंच धरणं. भाटघर १९२८चं, मग नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव. नदीकाठची चांगली जमीन पाण्याखाली गेली आणि पाणी कालव्याने बारामती, फलटण, इंदापूरला गेलं. आमच्याकडे राहिले उतार आणि खाचरं. भाताचं एक पीक, इंद्रायणी नाहीतर आंबेमोहोर, आणि दुधाचं दर दहा दिवसांनी येणारं बिल. अशा घरात महिन्याच्या पाच तारखेला ठराविक रक्कम हजर ठेवणं ही गोष्टच परकी आहे. कुणी आळशी असतो म्हणून नाही. पैसा त्या चालीने येतच नाही.

आणि हे बँकांना शंभर टक्के माहीत आहे! म्हणून तर पीक कर्ज हंगामाला बांधलेलं असतं. जूनमध्ये उचल, पीक निघाल्यावर परतफेड, मार्चएंडला सोसायटीत नवं-जुनं करायला रांग. साधं कर्ज ९० दिवस थकलं की एनपीए. पण कमी मुदतीच्या पिकांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेचा नियम वेगळा आहे, ते दोन हंगाम थकलं तर एनपीए. दोन हंगाम! कारण एक हंगाम पाऊस दगा देऊ शकतो हे कुणीतरी शहाण्याने गृहीत धरलं. पैसेवारी ५० पैशांच्या आत लागली की सवलती मिळतात, सहकारी कर्जाचं पुनर्गठन होतं, शेतसाऱ्यात सूट मिळते. अगदी पोरांची परीक्षा फीसुद्धा माफ होते. वेळेत फेडलं तर ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज शेतकऱ्याला शून्य टक्क्याने पडतं.

हे सगळं योग्यच आहे. माझा मुद्दा एवढाच की भाताच्या हंगामाची बँकेला समज आहे, तर नोकरीच्या हंगामाची का नाही? २०२२-२३मध्ये कॉलेजातून ऑफर लेटर घेऊन बाहेर पडलेली पोरं जॉइनिंगच्या मेलची वाट बघत वर्ष-वर्ष घरी बसली होती. कोरडा दुष्काळच तो. त्याची पैसेवारी कुठल्या तहसीलदाराने लावली?

"सिस्टिममध्ये तशी सोय नसते हो," असं एका शाखेत मला ऐकवलं गेलंय. खोटं आहे. २७ मार्च २०२०ला रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं आणि देशभरातल्या कर्जांच्या हप्त्यांच्या तारखा तीन महिने पुढे गेल्या, नंतर त्याच ३१ ऑगस्टपर्यंत गेल्या. व्याज चालूच होतं, तो भाग वेगळा. पण तारीख हलते. वरून इच्छा असली की भराभर हलते.

आता बापाचं नाव.

आमच्या वरच्या वाडीतल्या एका पोराची गोष्ट सांगतो. नाव-गाव देत नाही. मेकॅनिकल, ६५ टक्के, शहाणा पोरगा. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला गेला, म्हणजे कर्ज तीनच वर्षांचं. सुटला तो करोनाच्या वर्षात. पहिली नोकरी लागली तीच मुळी दीड वर्षाने, १३ हजारांवर. तोवर हप्ता सुरू झालेला. सहा महिने त्याने कुणाकुणाकडून घेऊन भरला, मग तुटला. बँकेने पोराला दोन फोन केले, आणि तिसरा त्याच्या वडिलांना. इथपर्यंत मी समजू शकतो. पुढच्या वर्षी वडील म्हशी घ्यायला कर्ज मागायला दुसऱ्याच एका बँकेत गेले. त्या माणसाने सोसायटीचं कर्ज तीस वर्षं एकदाही मार्च ओलांडून जाऊ दिलेलं नाही. गावात त्यांचा शब्द म्हणजे चेक. काउंटरवरच्या पोरीने कॉम्प्युटरमध्ये पॅन नंबर घातला आणि म्हणाली, "काका, तुमचं सिबिल खराब आहे, तुमच्या नावावर एज्युकेशन लोन थकलंय." त्यांना सिबिल म्हणजे काय हे कळेना. "मी कुठलं एज्युकेशन घेतलं?" असं त्यांनी विचारलं म्हणे. गावात हे लोक विनोद म्हणून सांगतात. मला काही हसू येत नाही.

बाप इथे जामीनदारसुद्धा नाही. जामीनदाराला निदान आपण जामीन राहिलोय हे माहीत असतं, चहा पाजून सही घेतलेली असते. सहकर्जदार म्हणजे कर्जदारच. पोराचं कर्ज पहिल्या दिवसापासून त्याच्या खात्यावर दिसतं. थकलं की दोघांचं पान एकदमच काळं. मग म्हशींचं कर्ज नाही, ट्रॅक्टरचं नाही, घराचं नाही. पीक कर्जाला तरी सिबिल मागू नका असं मे २०२५मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना बजावलं. म्हणजे मागत होत्या, हे सरकारच मान्य करतंय. आणि ते बजावणं पीक कर्जापुरतं. म्हशीला नाही.

बँकेची बाजूही ऐकू. अठरा वर्षांचा पोरगा, उत्पन्न शून्य, तारण नाही. उद्या पळाला तर? बरोबर आहे. पण याचं उत्तर सरकारने २०१५मध्येच देऊन ठेवलंय. शैक्षणिक कर्जांसाठी पतहमी निधी आहे, साडेसात लाखांपर्यंतचं बिनतारण कर्ज बुडालं तर थकलेल्या रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत भरपाई बँकेला मिळू शकते. शंभरातले पंचाहत्तर सरकारी निधी उचलणार, आणि उरलेल्या पंचवीससाठी बापाचं आख्खं आयुष्यभराचं नाव गहाण? हा कुठला हिशेब? प्रवेशाच्या वेळी बाप सही करायला हवा तर करू दे. पण पोरगा एकदा पदवीधर झाला, त्याचा पॅन आला, पीएफचा नंबर आला, की बापाचं नाव त्या कर्जातून उतरलं पाहिजे. ४ लाखांच्या आतल्या कर्जाला तर नक्कीच.

"मग सगळे बुडवतील!" हा नेहमीचा पुढचा चेंडू. कसे बुडवतील? पगारदार माणसाइतका पकडायला सोपा प्राणी नाही. टीडीएस पगारातून आधीच कापतात, पीएफ कापतात, प्रोफेशनल टॅक्सचे २०० रुपयेही सुटत नाहीत. त्याच स्लिपवर "शैक्षणिक कर्ज" ही आणखी एक ओळ टाका. ऑस्ट्रेलियात १९८९पासून हेच चालतं. फी सरकार भरतं, पुढे कमाई एका ठराविक आकड्यावर गेली की इन्कम टॅक्सबरोबर वसुली सुरू, खाली आली की आपोआप बंद. इंग्लंडमध्येही उंबरठ्याच्या वरच्या कमाईच्या ९ टक्के कापतात. तिथेही सगळं गोड नाही. इंग्लंडात कमी पगारवाल्याचं व्याज वाढत राहतं आणि शेवटी बाकी सोडून द्यावी लागते. आपल्याकडे तर रोखीत कमावणारे, दुकान टाकणारे, रिक्षा चालवणारे पदवीधर स्लिपवर सापडणारच नाहीत. मान्य. पण त्यांच्याकडून आज तरी कुठे वसूल होतंय?

व्याजाचा प्रश्न मात्र खरा आहे, तो टाळून चालणार नाही. आपलंच वरचं उदाहरण घ्या. ५ लाख ४७ हजारांवर महिन्याचं नुसतं व्याज होतं ४,७८६. समजा नियम केला की हप्ता हातातल्या पगाराच्या १५ टक्क्यांच्या वर नको. २५ हजारवाला पोरगा ३,७५० भरेल. म्हणजे व्याजही पूर्ण निघत नाही, महिन्याला १,०३६ ची तूट. दोन वर्षं असंच चाललं तर साधारण २५ हजार रुपये. पगार ४० हजारांवर गेला की त्याच १५ टक्क्यांत ६ हजार बसतात आणि पंधरा वर्षांचा हप्ता जवळजवळ पूर्ण निघतो. म्हणजे सगळा तिढा आहे तो पहिल्या दोन वर्षांच्या २५ हजारांचा! एवढ्यासाठी आपण पोराला थकबाकीदार आणि बापाला नादार ठरवतो.

ते २५ हजार कुणी द्यायचे? पीक कर्जाचं व्याज जो भरतो त्यानेच. पैसे कुठून आणायचे तेही सांगतो. आयकराच्या ८०ई कलमात शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर वजावट मिळते, आठ वर्षं, रकमेला मर्यादा नाही. आता साडेतीन लाख पगारवाल्याला टॅक्सच बसत नाही, त्याला वजावटीचा काय उपयोग? फायदा कुणाला, तर परदेशी एमएस करून आलेल्या, ३० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या, जुनी करप्रणाली धरून बसलेल्या माणसाला. नव्या प्रणालीत तर ८०ई नाहीच. जास्त कमावणाऱ्याला जास्त सूट आणि न कमावणाऱ्याला शून्य, याला मदत म्हणायचं? तीच गोष्ट त्या १ टक्का सवलतीची. शिकत असतानाच व्याज भरत गेलात तर दरात १ टक्का सूट. छान. भरणार कोण? ज्याच्या बापाला एक तारखेला पगार होतो तो.

नवी पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर झाली, तिची जाहिरात आमच्या बँकेच्या दारावरही आहे. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाला सवलतीच्या काळात व्याजात ३ टक्के मदत. पण यादीतल्या संस्थांपैकी एकीत प्रवेश पाहिजे, रँकिंगमधल्या. तिथे पोचलेल्या पोराला नोकरीची भीती तुलनेने कमीच. आमच्याकडचा पोरगा सीईटीला ७०-८० पर्सेंटाइल काढून जिथे जागा मिळेल तिथे जातो. कर्जाचा खरा धोका त्याला, आणि योजना त्याला ओलांडून जाते.

आता माफीबद्दल, कबूल केल्याप्रमाणे. शेतीची कर्जमाफी आपण २००८, २०१७ आणि २०१९ अशी पाहिली. दर वेळी गावात काय होतं हे ज्याने पाहिलंय तो शैक्षणिक कर्जमाफी मागणार नाही. नियमित भरणारा वेडा ठरतो. पुढे त्याची समजूत काढायला ५० हजारांपर्यंत प्रोत्साहनपर अनुदान द्यावं लागलं, तेही याद्या, आधार, अंगठे करत करत. आणि माफीची नुसती कुजबुज सुरू झाली तरी मॅनेजर पुढच्या वर्षी कर्ज देताना हात आखडतो. आत्ताच गावाकडच्या शाखांत "शैक्षणिक? अं... हेड ऑफिसला विचारावं लागेल" चालू असतं. अमेरिकेत बायडेन सरकारने माफी जाहीर केली, ३० जून २०२३ला सुप्रीम कोर्टाने ती उडवली, आणि लाखो पोरं मधल्या मध्ये लटकली. माफी हा पुढाऱ्याच्या हातातला पत्ता आहे. मला नियमात बसणारी गोष्ट हवी, जी निवडणूक नसलेल्या वर्षीही चालेल.

आणि संतापाची गोष्ट म्हणजे यातलं थोडंफार नियमांत आहेच! बँक्स असोसिएशनच्या योजनेत २०१५ला सुधारणा झाली. परतफेडीची मुदत पंधरा वर्षांपर्यंत नेली, आणि कर्जदार बेकार असेल किंवा फारच कमी पगारावर असेल तर कर्जाच्या आयुष्यात दोन-तीन वेळा हप्त्याला स्थगिती देता येईल असंही त्यात घातलं. हप्ता सुरुवातीला लहान आणि पुढे मोठा करण्याची सोय आहे. मी आत्तापर्यंत ओळखीतल्या बारा-पंधरा कर्जदार पोरांना विचारलं. यातलं एकालाही शाखेत कुणी सांगितलं नव्हतं. वाडीतल्या त्या पोरालाही नाही. त्याने एक अर्ज केला असता तर कदाचित म्हशी आल्या असत्या.

तीच कथा केंद्राच्या व्याज अनुदानाची. २००९-१०पासून योजना आहे. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर शिक्षणाच्या आणि सवलतीच्या काळातलं पूर्ण व्याज केंद्र सरकार भरतं. (२०१८पासून कॉलेजला नॅक किंवा एनबीएचं मानांकन लागतं, ते प्रवेशाआधी बघा.) मात्र क्लेम विद्यार्थ्याने नाही, बँकेने पोर्टलवर चढवायचा. शाखेने मुदतीत चढवला नाही तर गेला. माझ्या चार वर्षांतले दोन वर्षांचे क्लेम गेले, दोन वर्षांचे गेलेच नाहीत. मधे साहेबांची बदली झाली होती म्हणे. शाखेचं नाव घेत नाही, तो मॅनेजर माणूस वाईट नव्हता. पण वरच्या उदाहरणात क्लेम पूर्ण मंजूर झाला असता तर हप्ता ४ लाखांवर बसला असता, म्हणजे ५,४०० च्या आत. दहा वर्षांत फरक २ लाख ३८ हजारांचा. एक फाइल अपलोड न करण्याची ही किंमत, आणि ती भरायची कुणी? ज्याची चूक नाही त्याने. क्लेम राहिला तर ते व्याज बँकेने सोसायचं, असा नियम उद्या करा, परवापासून एकही क्लेम राहणार नाही.

तोवर ज्यांचा हप्ता चालू आहे किंवा होणार आहे त्यांनी एक काम करा. येत्या सोमवारी शाखेत जा आणि तोंडी काहीही विचारू नका. कागदावर लिहा. पहिलं, माझ्या कर्जखात्यावर कोणकोणत्या वर्षांचा व्याज अनुदान क्लेम पाठवला आणि किती रक्कम जमा झाली, याचा तपशील लेखी द्यावा. दुसरं, सध्या मी बेरोजगार आहे किंवा अमुक पगारावर आहे (स्लिप जोडा), तरी योजनेतील तरतुदीनुसार सहा महिने हप्ता स्थगित करावा आणि मुदत पंधरा वर्षांपर्यंत वाढवावी. मुदत वाढली की एकूण व्याज वाढतं हे वरच्या आकड्यांत दिसलंच, पण नंतर पगार वाढल्यावर आधी फेडता येतं. मला तसं फेडताना दंड लागला नाही. हे सगळं हप्ता थकायच्या आधी करा, ९० दिवस उलटल्यावर तोच अर्ज भीक मागितल्यासारखा वाटतो. अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर तारखेसह पोच घ्या. "शिक्का साहेबांच्या ड्रॉवरमध्ये आहे, साहेब मीटिंगला गेलेत" असं म्हणाले तर म्हणा, बसतो.